भोंगा कुणाकडे

जून १८६३. पेनसिल्व्हेनियातला धुळीचा रस्ता. पुढच्या वादकाच्या खांद्यावरून एक पितळी नळी मागे आली आहे आणि तिचा भोंगा थेट तुमच्या नाकासमोर उघडलाय. तो फुंकतो पुढे तोंड करून, सूर मात्र आदळतो तुमच्यावर. बँड पलटणीच्या पुढे चालतो आणि ऐकायचं असतं मागून येणाऱ्यांनी, मग आवाज पुढच्या शेतातल्या गाईगुरांना कशाला वाटायचा? म्हणून अमेरिकेच्या यादवी युद्धातले सॅक्सहॉर्न असे पाठमोरे घडवलेत. तुम्ही दक्षिणेच्या बाजूला आहात, २६वी नॉर्थ कॅरोलायना पलटण. वादक मूठभर, सगळे सेलम गावचे मोरेव्हियन पंथाचे. त्यांच्या गावात कुणी वारलं की पितळी वाद्यांवर बातमी देतात आणि ईस्टरची पहाटही तशीच जागवतात.

बाजूच्या पोराच्या कमरेला ढोलकं तिरकं लटकतंय. वासराचं कातडं, दोरीने ताणलेलं. सर आली की कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. पुण्याच्या पथकात ढोलाचं पान पावसात उतरलेलं ज्याने पाहिलंय, त्याला ही तारांबळ समजावून सांगायला नको. ढोलकं तिरकं असल्यामुळे पोराच्या डाव्या हातात काठी आडवी धरलेली आहे, तळहात वर. ही पकड लक्षात ठेवा. ढोलकं सरळ होईल, पट्ट्याच्या जागी धातूची चौकट येईल, तरी कित्येक डावे हात तशीच काठी धरत राहतील.

१ जुलैला गेटिसबर्गपाशी तुमची पलटण जंगलात शिरते. आत गेलेले सुमारे आठशे, त्यातले पाचशेहून जास्त एकाच दिवसात मेले, जखमी झाले किंवा हरवले. वादक आता सर्जनच्या हाताखाली आहेत: पाणी आणायचं, पट्ट्या बांधायच्या, कापायचा पाय धरून ठेवायचा. २ तारखेला त्यांना हुकूम येतो, वाद्यं उचला आणि वाजवा. तोफांचा गदारोळ चाललाय आणि त्यातून पोल्का ऐकू येतो, मग वॉल्ट्झ. टाळी वाजवायला कुणी नाही. हे वाजवणं बघण्यासाठी नाहीच. उरलेल्यांनी उभं राहावं एवढंच त्याच्याकडून अपेक्षित आहे.

पुढे सरका, १९०७. इलिनॉय विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर मध्यंतरात बँड उतरलाय आणि लोक जागेवर बसून बघतायत. त्याच वर्षी पर्ड्यू विद्यापीठाचा बँड रांगा मोडतो आणि माणसांचं मोठं इंग्रजी ‘पी’ अक्षर उभं करतो. तुम्ही त्या ‘पी’च्या पोटात उभे असाल तर समोर फक्त कुणाची तरी पाठ दिसेल. अक्षर वाचता येतं ते वरच्या पायऱ्यांवरून, तिकीट काढून आलेल्यांना. सुसाफोनकडेही बघा. १८९०च्या दशकात हे वाद्य जन्मलं तेव्हा त्याचा भोंगा आकाशाकडे होता आणि पाऊस आला की आत पाणी साचायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो वाकवून पुढे आणला गेला. मागे, वर, पुढे: भोंग्याने दिशा बदलली तेव्हा धनीही बदलला होता. १९३६ मध्ये ओहायो स्टेटचा बँड एकामागे एक वळसे घेत ‘ओहायो’ हे नाव लपेटीदार अक्षरांत मैदानावर लिहितो. पुढे त्यातल्या ‘आय’वरचं टिंब होण्याचा मान सुसाफोनवाल्याकडे गेला, आणि त्यासाठी मुलं चार-चार वर्षं वाट बघतात.

टॅलाहासीला १९४६ मध्ये मात्र थोडं थांबा. फ्लोरिडा ए अँड एम या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात विल्यम फॉस्टर नावाचा तरुण बँड हाती घेतोय. कॅन्सस विद्यापीठात शिकत असताना त्याला बजावलं गेलं होतं, काळ्या माणसाला कंडक्टरची नोकरी मिळायची नाही. तुम्ही त्याच्या रांगेत उभे आहात आणि गुडघा उचलायचाय, मांडी जमिनीला समांतर होईपर्यंत, दर पावलाला. तालीम संपता संपता मांड्या पेटतात. मग बँड थांबतो आणि नाचू लागतो. लष्करी कवायतीला कंबर फुटते म्हणा ना! वरच्या रांगांत बसलेल्यांचेही पाय हलायला लागतात. ‘मार्चिंग १००’ नावाचा हाच बँड १४ जुलै १९८९ला, फ्रेंच क्रांतीच्या द्विशताब्दीला, पॅरिसच्या शाँझेलिझेवर अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून चालला. आणि याच बँडमध्ये २०११ मध्ये एका वादकाचा रॅगिंगमध्ये जीव गेला, बँड दीड वर्षाहून अधिक काळ बंद राहिला. ज्या रांगेने मान दिला, तिच्यातच मारहाणीला परंपरा म्हणायची सवयही पोसली गेली होती.

आता १९५०च्या दशकातली उन्हाळ्यातली रात्र. तुम्ही पंधरा वर्षांचे. हे मैदान विद्यापीठाचं नाही. युद्धांतून परतलेल्या सैनिकांच्या संघटना, मुख्यतः अमेरिकन लीजन आणि व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स, गावोगावी ड्रम अँड बिगुल कोअर चालवतात. त्यांना ड्रम कोअर म्हणतात. इथे क्लॅरिनेट नाही, सॅक्सोफोन नाही, फक्त बिगुल, ढोल आणि निशाणं. तुमचा बिगुल ‘जी’ सुरातला. मूळच्या लष्करी बिगुलाला व्हॉल्व्हच नव्हते, ओठांच्या ताणाने जेवढे सूर निघतील तेवढेच. आता त्यावर एक व्हॉल्व्ह आडवा बसवलाय. त्याने भागत नाही, म्हणून हुशार मंडळी तीन जणांत एक ओळ वाटून घेतात: तुला मिळत नाही तो सूर मी देतो.

आधी तपासणी होते. बुटावर धूळ, सुटलेलं बटण, वाकडी टोपी, सगळ्याला दंड. मग पिस्तुलाचा बार होतो आणि तुम्ही सुरुवातीच्या रेषेवरून पाऊल टाकता. राष्ट्रध्वजाला सन्मान द्यायचाच, आणि ध्वज जमिनीला टेकला तर खैर नाही. हे सगळं ठीक आहे, पण तुमच्या शेजारून एक माणूस चालतोय. हातात पाटी आणि पेन्सिल. तो वाकतो, तुमच्या काठ्यांकडे कान देतो. तुमचा एक ठोका शेजाऱ्याच्या केसभर पुढे पडतो आणि पेन्सिल हलते. टिक. एक दशांश गुण गेला. पुढे पायाची रेष चुकते, टिक. म्हणजे शंभरातून सुरू करायचं आणि गमावत जायचं. वाजवण्यात काही विलक्षण घडलं तरी त्या पेन्सिलीला त्याची खूण करता येत नाही. तिला येतं ते फक्त वजा करणं.

असे परीक्षक असले की माणसं कशी होतात? सावध होतात. जमेल तेवढंच वाजवायचं, पण घासून घासून. स्नेअर ढोलांची ओळ एका माणसाने वाजवल्यासारखी ऐकू यायची ती याच भीतीतून. टिक पद्धतीला आज सगळे हसतात. पण आजच्या ढोलवाल्यांचे हात ज्या शिस्तीवर उभे आहेत, ती त्याच पेन्सिलीने लावली.

१९७१. व्हिएतनामचं युद्ध चालू आहे आणि स्पर्धा माजी सैनिकांच्या. न्यू जर्सीचे गारफील्ड कॅडेट्स मैदानाच्या मधोमध चालत येतात आणि शांततेचं चिन्ह रचून उभे राहतात. तुम्ही त्या वर्तुळात आहात. पायऱ्यांवर बसलेल्या पदकवाल्या म्हाताऱ्यांचे चेहरे तुम्हाला दिसतायत, आणि नजर खाली करायची नाही असा नियमही त्यांचाच आहे. त्याच उन्हाळ्यात मॅडिसन स्काउट्स ‘ॲलिस इन वंडरलँड’ करतायत आणि शिकागोचे कॅव्हेलियर्स सर्कस. युद्धकथांचा कंटाळा आलेली पोरं दुसऱ्या गोष्टी सांगायला लागली होती.

पुढे माजी सैनिकांच्या संघटनांविरुद्ध बंड झालं, पण ते युद्धावरून नाही. ते झालं पैशावरून आणि नियम कुणी करायचे यावरून. पुढाकार घेणाऱ्यांत होते कॅव्हेलियर्सचे डॉन वॉरन आणि वायोमिंगच्या ट्रूपर्सचे जिम जोन्स. यातले जोन्स म्हणजे पोरांना यादवी युद्धातल्या घोडदळाचा निळा पोशाख घालून मैदानात आणणारे गृहस्थ! बंडखोर कसा दिसतो याबद्दलच्या आपल्या कल्पना तपासून घ्याव्यात. या कोअरनी स्वतःची संस्था काढली, ड्रम कोअर इंटरनॅशनल. ऑगस्ट १९७२ मध्ये विस्कॉन्सिनच्या व्हाइटवॉटरला पहिली अंतिम स्पर्धा झाली आणि कॅलिफोर्नियाचे ॲनाहाइम किंग्समेन जिंकले.

१९७०च्या दशकात बिगुलाला दुसरा व्हॉल्व्ह मिळाला आणि १९९०च्या दशकात तिसरा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला झायलोफोन आणि मोठी वाद्यं खांद्यावरून उतरून मैदानाच्या पुढच्या कडेला उभी राहिली. तिला ‘पिट’ म्हणतात. आता १९८३, मायामी. गारफील्ड कॅडेट्सचं ड्रिल, म्हणजे मैदानावरच्या चालींची आखणी, जॉर्ज झिंगालीने बांधलंय. आजवर मैदानाचा डावा अर्धा उजव्याचं प्रतिबिंब असायचा, मधली रेष म्हणजे आरसा. झिंगालीने आरसा फोडला. तुम्ही एका लांब ओळीत आहात, ओळ तिरकी ओढली जाते, वळते, तुमच्या मागून दुसरी वक्ररेषा आरपार निघते, आणि आपण कोणत्या आकारात आहोत याची तुम्हाला सुतराम कल्पना नाही. पुढच्या आठ पावलांत कुठल्या ठिपक्यावर पोचायचं, एवढंच ठाऊक. वर बसलेले उठून ओरडतायत. पुढच्या वर्षी टिकची पेन्सिल कायमची खाली ठेवली गेली. चुका वजा करायच्या ऐवजी केलेल्या कामाला गुण द्यायची पद्धत आली. कॅडेट्सनी सलग तीन वर्षं अजिंक्यपद घेतलं.

या पसरलेल्या मैदानाने एक शारीरिक अडचण निर्माण केली, आणि ती मला सगळ्या कल्पनाविलासापेक्षा जास्त भावते. मैदानाची रुंदी साधारण ४९ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. मागच्या कडेला पडलेला ठोका पुढच्या कडेला यायला सेकंदाचा सातवा भाग लागतो. मिनिटाला १८० ठोक्यांची लय असेल तर जवळपास अर्धी मात्रा! सगळ्यांनी समोर लय धरणाऱ्या ड्रम मेजरच्या हातांवर नेमकं वाजवलं, तर वर बसलेल्यांच्या कानांवर लगदा पडेल. म्हणून पिटमध्ये उभे राहिलात की तुम्हाला पहिला धडा हा मिळतो: हात बघू नकोस, मागे ऐक. पाठीमागून ढोलांचा ठोका कानावर येईल तेव्हा तुझी काठी पडू दे. समोर तुझ्यासाठी लय धरणारा माणूस उभा आहे आणि त्याच्याकडे डोळेझाक करणं हेच तुझं काम.

१९९३, मिसिसिपीतलं जॅक्सन. स्टार ऑफ इंडियाना हा कोअर. संगीत बार्टोक आणि बार्बर, म्हणजे गुणगुणता येईल असं काही नाही. सूर टोकदार, मैदानावरची माणसं यंत्रासारखी, आणि शेवटी टाळी मागणारा तो मोठा पितळी आवाज द्यायला तयार नाहीत. त्या हंगामात त्यांच्यावर हुर्यो उडालेली आहे. ज्यांनी निवृत्त सैनिकांचे नियम धुडकावले, त्या चाहत्यांचे आता स्वतःचे नियम झाले होते: शेवटी आम्हाला उभं करा. स्टार एक दशांश गुणाने हरलं, कॅडेट्सकडून. आणि ते परत आले नाहीत. त्यांनी मैदान सोडून रंगमंच धरला, त्यातूनच पुढे ‘ब्लास्ट!’ हा कार्यक्रम ब्रॉडवेवर गेला आणि २००१ मध्ये त्याला टोनी पुरस्कार मिळाला. नंतरच्या कित्येक कोअरच्या अमूर्त, तुटक कार्यक्रमांची बीजं त्या रात्रीत सापडतात. तिथे मी असतो तर मीही ओरडलो असतो, याबद्दल फारशी शंका नाही.

नंतरचे नियम भराभर सुटत गेले. २००० मध्ये ‘जी’ सुराची अट गेली. २००४ मध्ये मायक्रोफोन आले, २००९ मध्ये सिंथेसायझर. २०१४ मध्ये ट्रॉम्बोन आणि सुसाफोनलाही परवानगी मिळाली. लाकडी सुषिर वाद्यांना मात्र अजून दार बंद.

२०१६, इंडियानापोलिसचं लुकास ऑइल स्टेडियम. ओहायोच्या कँटनचे ब्ल्यूकोट्स. टोपी नाही, तुरा नाही, सोनेरी बटणांचा सैनिकी कोट नाही. मैदानावर प्रचंड घसरगुंड्या आहेत आणि तुम्ही एकीच्या माथ्यावर बसून वाजवताय, मग वाद्य छातीशी धरून खाली सुटता. एकल वादक मायक्रोफोनशी येतो तेव्हा त्याच्या भोंग्याची दिशा गौण ठरते. आवाज कुठून बाहेर पडायचा ते स्पीकर ठरवतात, आणि स्पीकरचं बटण मैदानाबाहेर बसलेल्या माणसाच्या बोटाखाली आहे. ब्ल्यूकोट्स त्या रात्री पहिल्यांदाच अजिंक्य ठरले.

सैनिक या सगळ्यातून नाहीसा झालाय आणि त्याची शिस्त मागे राहिली आहे. मुलं हजारो डॉलर भरून येतात, उन्हाळाभर बसमधून हिंडतात, शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर झोपतात, आणि वयाची मर्यादा ओलांडली की नियमानेच बाहेर पडतात.

पण आत जाण्याआधी स्टेडियमबाहेरच्या मोकळ्या पार्किंगमध्ये या. इथे प्रत्येक कोअरची ढोलओळ हात मोकळे करतेय. मायक्रोफोन नाही, घसरगुंडी नाही, परीक्षकही नाही. डांबर तापलंय, काठ्यांना पांढरी पट्टी गुंडाळलेली आहे. ढोलांवरचं कातडं केव्हाच गेलं. बंदुकीची गोळी अडवणाऱ्या जॅकेटात जो धागा असतो, त्याच धाग्याची पानं इतकी कसलेली आहेत की ठोका टेबलावर पडल्यासारखा वाजतो. भोवती दोन-अडीचशे माणसं दाटलीत, मोबाइल वर धरून. यातल्या काहींनी आतलं तिकीट काढलेलंच नाही. ते एवढ्यासाठीच आलेत. स्नेअरच्या मधला पोरगा मान हलवतो, डाव्या हातात काठी आडवी, तळहात वर. ओळीतले सगळे दबक्या आवाजात मोजतात, ‘डट, डट, डट, डट’. तेवढ्यात एक प्रशिक्षक हात पसरून गर्दीत घुसतो आणि ओरडतो, वाट सोडा. बाजूला व्हा पटकन. ओळ फाटकाकडे निघाली आहे आणि तुम्ही नेमके तिच्या वाटेत उभे आहात.