फी माफ केली, पण कुणासाठी?

आजची गोष्ट अमेरिकेतल्या मनी मार्केट फंडांची. विषय रुक्ष वाटेल, पण थांबा जरा.

1971 साली ब्रूस बेंट आणि हेन्री ब्राउन यांनी रिझर्व्ह फंड काढला. तेव्हा बँकांनी बचतीवर किती व्याज द्यायचं यावर सरकारी मर्यादा होती. हा फंड लोकांचे पैसे अल्पमुदतीच्या रोख्यांत लावून त्याहून जास्त देऊ शकत होता. पुढे अशा फंडांचा एक शेअर म्हणजे एक डॉलर, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

सप्टेंबर 2008 मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली आणि याच घराण्यातला रिझर्व्ह प्रायमरी फंड 97 सेंटवर आला. लोक घाबरून पैसे काढायला लागले. डिसेंबरात फेडने व्याजदर 0 ते 0.25 टक्क्यांवर आणला, तो पुढे सात वर्षं तिथेच राहिला.

आता गणित बघा. समजा रोख्यांतून मिळतात 0.15 टक्के आणि फंडाचा खर्च आहे 0.50. म्हणजे दरवर्षी गुंतवणूकदाराच्या मुद्दलातून 0.35 जाणार. एक डॉलरचा शेअर पुन्हा डॉलरखाली! मग कंपन्यांनी स्वतःची फी सोडायला सुरुवात केली. इथे 0.36 सोडायचे, म्हणजे ग्राहकाला 0.01 टक्का मिळतो. आमच्या भाषेत साधी इफ-कंडिशन: उत्पन्न शून्याखाली जात असेल तर फी कापा.

ऐकायला दिलदारी वाटते. मला नाही वाटत. फी सोडली नसती तर ग्राहकच गेला असता. शिवाय ही माफी बऱ्याचदा ऐच्छिक, कधीही मागे घेता येणारी. डिसेंबर 2015 मध्ये दर वाढायला लागले, तेव्हा वाढीव उत्पन्नातून आधी कंपन्यांची सोडलेली फी परत सुरू झाली. ग्राहकाच्या हातात उरलंसुरलं.

2020 च्या मार्चमध्ये दर पुन्हा शून्याजवळ गेले आणि तोच प्रकार परत घडला.

दुसरा प्रकार लेखी कराराचा. त्यात फंडाचा खर्च अमुक टक्क्यांवर जाणार नाही, वरचा आम्ही सोसू, असं कंपनी ठरावीक तारखेपर्यंत बांधून देते. माहितीपत्रकात मग दोन आकडे दिसतात, माफीआधीचा आणि माफीनंतरचा. आपण मोठ्या अक्षरातला दुसराच वाचतो! खालची टीप वाचा: काही करारांत सोडलेली रक्कम पुढच्या तीन वर्षांत फंडाकडून वसूल करायची मुभा असते, खर्च ठरलेल्या मर्यादेत राहिला तर. म्हणजे ती माफी कमी आणि उधारी जास्त.