संकटकाळच्या दारावरची ती आडवी दांडी: 'पॅनिक बार' कसा निवडायचा, कसा बसवायचा?

मल्टिप्लेक्समधून बाहेर पडताना दारावरची आडवी दांडी तुम्ही कधीतरी ढकलली असेल. हाच पॅनिक बार. धूर, अंधार आणि मागून गर्दीचा रेटा असताना कडी शोधत बसता येत नाही. म्हणून कंबर किंवा कोपर टेकला तरी दार बाहेर उघडावं, एवढंच त्याचं काम.

कल्पना कुठून आली?

१६ जून १८८३. इंग्लंडमधल्या संडरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये कार्यक्रमाच्या शेवटी बक्षिसं मिळणार म्हणून मुलं जिन्यावरून खाली धावली. खालचं दार एका वेळी एकच मूल जाईल इतकं उघडं ठेवून बोल्टने अडवलेलं होतं. १८३ मुलं चेंगरून गेली. पुढे रॉबर्ट ब्रिग्ज यांनी पॅनिक बोल्ट तयार केला. त्याचं पेटंट १८९२ चं.

कोणता घ्यावा?

थिएटर, मॉल, मंगल कार्यालय अशा ठिकाणी माणसांना इमारत अनोळखी असते. तिथे युरोपच्या 'ईएन ११२५' मानकाचा आडवा बारच हवा. रोजचेच लोक असलेल्या छोट्या ऑफिसात 'ईएन १७९'चं हँडल चालू शकतं. दार अग्निरोधक असेल तर त्यासाठी प्रमाणित केलेलाच बार घ्या. दांडी दाबलेल्या स्थितीत अडकवून ठेवायची सोय अशा दाराला चालत नाही, कारण आगीत ते बंद होऊन लॅच लागलंच पाहिजे.

बसवताना

बार जमिनीपासून साधारण ९०० ते ११०० मिलिमीटरवर असावा. दार बाहेर पडण्याच्या दिशेनेच उघडायला हवं. दोन झडपांच्या दाराला वर-खाली जाणारे रॉड येतात, आणि खरी गडबड इथेच होते. फरशीतल्या खाचेत कचरा साचतो, रॉड नीट बसत नाही, मग कुणीतरी वरून साखळी लावतं. बसवून झाल्यावर दोन-तीन जणांनी दारावर अंग रेटून पाहावं. हाताने हलकेच दाबून उघडणारं दार रेट्याखाली अडकू शकतं.

आणि कुलूप?

भारताच्या २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. १९९७ मध्ये दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात ५९ जण दगावले. तिथे बाल्कनीतून बाहेर पडायच्या दारांना कड्या होत्या.

'चोऱ्या होतात' हे कुलपामागचं नेहमीचं कारण. त्यावर उपाय आहे. कुलूप फक्त बाहेरच्या बाजूला ठेवा आणि दार उघडताच वाजणारा अलार्म असलेला बार बसवा.