सलग सुट्ट्या कशा मिळवायच्या? मोबाईलवर वर्षभराच्या रजेचं प्लॅनिंग, स्टेप बाय स्टेप

ऑगस्ट उजाडला की गावाहून आईचा फोन येतो, "या वर्षी गणपतीला येतोयस ना?" आपण घाईघाईने अ‍ॅप उघडतो तर कोकणच्या सगळ्या गाड्या वेटिंगवर. ऑफिसात विचारावं तर उत्तर मिळतं, "त्या आठवड्यात आधीच तिघं रजेवर आहेत." मग वर्षभर जपून ठेवलेल्या रजा तशाच राहतात आणि आरती व्हिडिओ कॉलवर बघावी लागते.

बहुतेक वेळा रजा कमी पडत नाही. आपण सणाची तारीख लक्षात ठेवतो, पण त्याच्या आधी येणाऱ्या दोन तारखा विसरतो: रजेचा अर्ज टाकायची आणि तिकीट काढायची. या दोन्ही तारखा मोबाईलमध्ये आधीच कशा टाकून ठेवायच्या, ते या लेखात पाहूया.

सरकारी यादी वेगळी, तुमची यादी वेगळी

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी सुट्ट्यांची यादी बहुतेकदा महाराष्ट्र शासनाची असते. ती परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ या कायद्याखाली दरवर्षी जाहीर होते आणि त्यात साधारण दोन डझन दिवस असतात. पण खासगी कंपनीला या सगळ्या सुट्ट्या द्याव्या लागत नाहीत.

खासगी नोकरीसाठी महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ बघा. तो लागू असलेल्या ठिकाणी कर्मचाऱ्याला हे मिळतं:

- सणांच्या ८ पगारी सुट्ट्या. त्यातल्या ४ ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या ४ वर्ष सुरू होण्याआधी मालक आणि कर्मचारी मिळून ठरवतात.
- वर्षाला ८ किरकोळ रजा (सीएल). त्या दर तिमाहीला खात्यात जमा होतात आणि वर्षाअखेर उरल्या तर बुडतात.
- वर्षात २४० दिवस काम झालं असेल तर कामाच्या दर २० दिवसांमागे १ भरपगारी रजा (पीएल किंवा ईएल). ही ४५ दिवसांपर्यंत साठवता येते.

यातून एक साधी गोष्ट कळते. बुडणारी रजा आधी वापरा, साठणारी नंतर. आणि प्लॅनिंगला बसण्याआधी एचआरकडून तुमच्या ऑफिसची यादी मागून घ्या.

कोणती सुट्टी कोणत्या वारी? एक भन्नाट ट्रिक

१ मे, २ ऑक्टोबर आणि २५ डिसेंबर हे तिन्ही दिवस दरवर्षी एकाच वारी येतात. कारण १ मे ते २ ऑक्टोबर बरोबर २२ आठवडे आणि तिथून नाताळ बरोबर १२ आठवडे. म्हणजे १ मेचा वार बघितला की तिन्हींचा वार कळला! १५ ऑगस्ट त्याच्या पुढच्या वारी.

- २०२६: तिन्ही शुक्रवारी. एकही रजा न घालवता तीन लाँग वीकेंड.
- २०२७: तिन्ही शनिवारी, १५ ऑगस्ट रविवारी. शनिवार-रविवार सुट्टी असणाऱ्यांचे चारही दिवस वाया.
- २०२८: तिन्ही सोमवारी. पुन्हा मजा.

म्हणून २०२७ मध्ये शिल्लक रजा जास्त लागणार, हे आत्ताच लक्षात ठेवा.

सणांच्या तारखा का सरकतात?

चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं, म्हणून सण दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतात. साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक मास आला की ते एकदम पुढे उडी मारतात. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ च्या अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला जाते. "मागच्या वर्षी याच सुमाराला होती" या अंदाजावर तिकीट काढू नका.

हिजरी कॅलेंडरमध्ये अधिक मास नसतो. त्यामुळे ईद दरवर्षी अलीकडेच येत राहते आणि नक्की दिवस चंद्रदर्शनावर ठरतो. कधी कधी सरकारही सुट्टी हलवतं. २०२४ मध्ये अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती, म्हणून मुंबईत ईद-ए-मिलादची सुट्टी १६ वरून १८ सप्टेंबरला नेली होती. अशा दिवसाला जोडून प्लॅन करत असाल तर रद्द करता येईल असंच बुकिंग करा.

रजा कुठे लावायची? २०२६ चं उदाहरण

शनिवार-रविवार सुट्टी असेल आणि सणाची सुट्टी तुमच्या ऑफिसच्या यादीत असेल, असं धरून:

- गुढीपाडवा, गुरुवार १९ मार्च: शुक्रवारची १ रजा, ४ दिवस मोकळे.
- गणेश चतुर्थी, सोमवार १४ सप्टेंबर: मंगळवार ते शुक्रवार ४ रजा, १२ ते २० सप्टेंबर असे सलग ९ दिवस.
- दिवाळी: लक्ष्मीपूजन रविवार ८ नोव्हेंबर, पाडवा मंगळवार १० नोव्हेंबर. सोमवारची १ रजा, ४ दिवस. बुधवारी भाऊबीजेची अजून १ टाकली की ५ दिवस.

एकूण ७ रजा आणि १८ दिवस घरी. नियम सोपा आहे: गुरुवार किंवा मंगळवारची सुट्टी दिसली की मधला एक दिवस भरा. बुधवारच्या सुट्टीच्या मागे लागू नका, तिथे दोन रजा जातात. फक्त रविवारीच सुट्टी असेल तर सोमवार आणि शनिवारच्या सुट्ट्या शोधा. २०२६ चा १५ ऑगस्ट शनिवारी आहे, म्हणजे तुम्हाला दोन दिवस सलग.

मोबाईलमध्ये कसं टाकायचं?

१. गुगल कॅलेंडर उघडा. मेन्यूमधून सेटिंग्जमध्ये जा आणि हॉलिडेजमध्ये भारत निवडा. आयफोनच्या कॅलेंडरमध्ये भारतातल्या सुट्ट्यांचं वेगळं कॅलेंडर सुरू करता येतं.
२. ही यादी देशभराची असते, तुमच्या ऑफिसची नाही. म्हणून ऑफिसच्या सुट्ट्या स्वतः इव्हेंट म्हणून टाका आणि त्यांना वेगळा रंग द्या.
३. प्रत्येक मोठ्या सुट्टीसाठी दोन इव्हेंट अजून बनवा: "रजेचा अर्ज" आणि "तिकीट". दोन्हींना आदल्या दिवशीचं नोटिफिकेशन लावा.
४. सोबत येणाऱ्या भावाला किंवा मित्राला त्याच इव्हेंटमध्ये गेस्ट म्हणून जोडा. मग "मला कुणी सांगितलंच नाही" हे ऐकावं लागत नाही.
५. रजेवर निघताना जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ऑटो रिप्लाय लावा. परत कधी येणार आणि तोपर्यंत कुणाशी बोलायचं, एवढं लिहिलं की पुरे.

तिकिटाची तारीख काढायची कशी?

रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं (पूर्वी १२० दिवस होतं), सकाळी ८ वाजता. तारीख काढायला दोन महिने मागे जा आणि मधल्या ३१ दिवसांच्या प्रत्येक महिन्यासाठी एक दिवस पुढे या. ११ सप्टेंबरला निघायचंय? दोन महिने मागे ११ जुलै. जुलै आणि ऑगस्ट दोन्ही ३१ चे, म्हणून १३ जुलै. फेब्रुवारी मध्ये येत असेल तर मात्र दिवस मोजूनच घ्या.

त्या दिवशी ८ वाजता लॉगिन करायला बसलात तर उशीर झालाच म्हणून समजा. खात्याचं आधार व्हेरिफिकेशन आणि प्रवाशांची यादी आदल्या आठवड्यातच पूर्ण करा. परतीचं तिकीट वेगळ्या दिवशी उघडतं, त्याचाही इव्हेंट टाका. आणि चार्ट लागल्यावरही ऑनलाइन तिकीट पूर्ण वेटिंगवर राहिलं तर ते आपोआप रद्द होतं. पैसे परत येतात, पण गाडी गेलेली असते.

सँडविच रजेपासून सावध!

काही कंपन्यांत शुक्रवार आणि सोमवार रजा घेतली तर मधला शनिवार-रविवारही रजेत मोजतात. याला सँडविच रजा म्हणतात. म्हणजे दोन रजा टाकल्या आणि चार गेल्या. अर्ज करण्याआधी एचआर पॉलिसीत हा शब्द शोधा, किंवा "मधले सुट्टीचे दिवस मोजता का?" असं मेलवर विचारा. उत्तर लेखी असलेलं बरं.

नेहमी पडणारे प्रश्न

*अर्ज किती आधी टाकावा?*
तिकीट उघडण्याच्या आधी. रजा मंजूर नसताना काढलेलं तिकीट रद्द करावं लागलं तर पैसे कापले जातात.

*सगळ्यांनाच गणपतीत रजा हवी असेल तर?*
टीममध्ये आधीच बोला. "मी गणपतीत जातो, दिवाळीत तू जा, तेव्हा मी थांबतो" हा सौदा जूनमध्ये सहज होतो, सप्टेंबरमध्ये नाही.

*शिफ्ट ड्युटी असेल तर?*
तुमची साप्ताहिक सुट्टी वेगळ्या वारी असते, म्हणून वरची यादी जशीच्या तशी वापरू नका. रोस्टर लागण्याआधी शिफ्ट बदलून मागा.

हे सगळं करायला अर्धा तास लागतो. आज रात्री ऑफिसची यादी आणि कॅलेंडर समोर घेऊन बसा. म्हणजे पुढच्या वेळी आईचा फोन आला की "बघतो" म्हणायच्या ऐवजी गाडीचं नाव आणि तारीखच सांगता येईल.