दामदुप्पट

दर महिन्याच्या दहा तारखेला आमच्या वाडीतल्या मारुतीच्या देवळात बचत गटाची बैठक भरते. मी अठ्ठावीस वर्षं पतसंस्थेत हिशेबनीस होते. निवृत्त झाल्यापासून गटाच्या बायकांना वह्या लिहायला शिकवते. मागच्या बैठकीत एकीने पिशवीतून रंगीत कागद काढला आणि म्हणाली, “काकू, हे लोक दामदुप्पट देतायत. घालू का पैसे?”

माझ्या वडिलांनी अशाच एका योजनेत बैलजोडी विकून आलेले पैसे घातले होते. त्यांची दुप्पट झाली नाही, मुद्दलही आलं नाही. त्यामुळे हा शब्द कानावर आला की माझ्या पोटात गोळा येतो. पण वडिलांच्याही आधीची एक गोष्ट मला आठवते. आमच्या पत्र्याच्या पेटीतल्या दोन कागदांची.

निवृत्तीनंतर मी मोडी शिकले ती या कागदांसाठी. राणीच्या छापाच्या मुद्रांकावर लिहिलेली ती कर्जाची खतं आहेत. पहिलं 1869 सालचं, 60 रुपयांचं, व्याज दरमहा दोन रुपये शेकडा. खाली माझ्या खापरपणजोबांची निशाणी म्हणून नांगर काढलेला आहे. लिहिता न येणाऱ्या कुणब्याची सही म्हणजे नांगराचं चित्र. दुसरं खत 1872 चं, 103 रुपये 3 आण्यांचं. मधल्या तीन वर्षांत घरात नवा पैसा आलेला नाही, असं त्यातच लिहिलंय: मागील खताचे मुद्दल व व्याज मिळून. दोन्ही कागदांचे वरचे कोपरे फाडलेले आहेत. नवं खत झालं की जुनं असं फाडून परत मिळे.

इथे आकडेमोड करून बघा. साठ रुपयांवर महिन्याला एक रुपया तीन आण्यांहून थोडं जास्त व्याज, तीन वर्षांचं 43 रुपये 3 आणे. दुसऱ्या खतात ते व्याज मुद्दल झालं आणि व्याजावर व्याज चढू लागलं. तिसरं खत झालं असतं, तर ते 177 रुपयांच्या वर गेलं असतं.

आता दामदुप्पट या शब्दाकडे येते. खापरपणजोबांच्या काळी तो आमिषाचा शब्द नव्हता, ऋणकोच्या बाजूने घातलेला बांध होता. हिंदू धर्मशास्त्रातला हा फार जुना नियम; मनुस्मृतीतही तो आहे. दिलेल्या पैशावर एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाइतकं झालं की थांबलं पाहिजे. साठ दिले तर साठच व्याज, एकूण एकशेवीस, त्यापुढे मागता येणार नाही. धान्याच्या कर्जाला मनुस्मृती पाचपटीपर्यंत मुभा देते, पण पैशाला दुप्पट हीच हद्द. मुंबई इलाख्यातली इंग्रजी न्यायालयंही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत हा नियम मानत. दोन रुपये शेकड्याने ही हद्द पन्नास महिन्यांत येते. साठ रुपयांचे एकशेवीस झाल्यावर सावकाराला मुकाट्याने थांबायला हवं होतं.

तो थांबला नाही, कारण वाट मोकळी होती. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताचं आयुष्य तीन वर्षांचं ठरवलं. व्याज साचत जाऊ नये, हा सरकारचा हेतू होता. झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार कुणब्याला बोलावी, नवं खत लिहून घेई, जुनं व्याज नव्या मुद्दलात ओती. आणि नियम काय सांगत होता? व्याज मुद्दलापेक्षा जास्त नको. मुद्दलच फुगवलं की दामदुप्पटीची हद्द आपोआप पुढे सरकली. शेताचा बांध रात्रीतून सरकवावा, तशीच ही गोष्ट. मला याचा राग येतो तो एवढ्यासाठी, की कागदावर खोटं काहीच नाही. फक्त दोन वेगळ्या रकमा एका आकड्यात मिसळल्या, आणि नांगर काढणाऱ्याला ते वाचता येत नव्हतं.

भाषेने मात्र हे जाणलं असावं असं मला नेहमी वाटतं. संस्कृतात व्याज म्हणजे निमित्त, सोंग, कपट. शाळेत शिकलेला व्याजस्तुती अलंकार आठवा, स्तुतीच्या सोंगाने केलेली निंदा. कर्जावरच्या वाढीला संस्कृतात वृद्धी म्हणत, कुसीद म्हणत. मराठीने तिला व्याज म्हटलं. मुद्दल या शब्दाचं नातं कानडी ‘मोदलु’शी जुळतं, म्हणजे पहिलं, मूळचं. जमा, बाकी, वसूल अरबीतून आले. शिवकाळात राजव्यवहारकोश तयार झाला, दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले, पण हिशेबाच्या वहीतून हे शब्द हलले नाहीत. माझ्या बायका ते आजही रोज बोलतात.

आमच्या पेटीत तिसरं खत नाही. त्याची वेळ 1875 च्या उन्हाळ्यात आली असती. अमेरिकेतल्या यादवीमुळे वाढलेले कापसाचे भाव तोवर कोसळले होते, शेतसारा वाढवून ठेवलेला होता, सावकारांनी हात आखडले होते. 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात लोक जमले आणि सावकारांच्या घरांवर, दुकानांवर गेले. आमची वाडी तिथून तीन कोसांवर. लोकांनी मागितली ती खतं आणि वह्या. मिळाल्या तिथे त्या जाळल्या. मारहाण फार थोडी झाली, आणि ज्या सावकारांनी कागद आपणहून काढून दिले, त्यातल्या बहुतेकांना कुणी हात लावला नाही. पुणे आणि नगर जिल्ह्यांतून 951 माणसं पकडली गेली. आमच्यातलं कुणी त्यात होतं की नाही, हे घरात कधी कुणी बोललं नाही.

पुढे सरकारने आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला, आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता. कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणं बंद झालं. खतं गावच्या निबंधकासमोर होऊ लागली. पैसे भरल्याची पावती मागण्याचा हक्क मिळाला. पण माझ्या लेखी त्यातलं सगळ्यात मोठं कलम हिशेबाचं आहे. न्यायाधीशाने खतावरच्या आकड्यावर थांबायचं नाही, व्यवहार पहिल्या रुपयापासून उकलायचा. मुद्दलाचा हिशेब वेगळा, व्याजाचा वेगळा, आणि साचलेलं व्याज एरवी मुद्दलात धरायचं नाही. न्यायमूर्ती रानडे 1881 पासून याच कायद्याखाली पुणे-सातारा भागात गावोगाव फिरून कामं तपासत. या कायद्यातूनही पळवाटा निघाल्या. शेतकऱ्याला कर्ज मिळणं अवघड झालं, तेव्हा सावकार कर्जाऐवजी जमिनीचं खरेदीखतच करून घेऊ लागले. तरी दोन रकान्यांची ती गोष्ट कायद्यात लिहिली गेली, याचं मला मोल वाटतं.

शब्दाचा अर्थ नेमका कधी उलटला, ते एका दिवसावर बोट ठेवून सांगता येणार नाही. माझ्या नोकरीच्या काळात तो उलटलेलाच होता. 1988 मध्ये टपाल खात्याने किसान विकास पत्र आणलं, साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट. आमच्याकडे लोक त्याला सरळ ‘दामदुप्पट’ म्हणत. ते सरकारी होतं, खरं होतं. त्याच शब्दाच्या आडोशाने पुढे कोण कोण आलं, ते वडिलांच्या बैलजोडीला ठाऊक. ऋणकोने जास्तीत जास्त किती द्यायचं, हे सांगणारा शब्द आता ठेव ठेवणाऱ्याला किती मिळेल, हे सांगू लागला.

म्हणून मी त्या मुलीला आधी भागाकार शिकवला. बहात्तरला व्याजदराने भागायचं, साधारण तितक्या वर्षांत पैसे दुप्पट होतात. टपालात आज साडेसात टक्के आहे; बहात्तर भागिले साडेसात म्हणजे नऊ वर्षं आणि सातएक महिने. किसान विकास पत्राची मुदतही 115 महिनेच आहे. तिच्या रंगीत कागदावर तीन वर्षं होती. तिने बोटांवर हिशेब केला. “चोवीस टक्के, काकू,” ती म्हणाली, आणि गप्प झाली. वर्षाला चोवीस म्हणजेच महिन्याला दोन रुपये शेकडा, हे तिला मी सांगितलं नाही. आमचा गटही त्याच दराने कर्ज देतो, पण ते उरलेल्या मुद्दलावरच, आणि व्याज गटातच राहतं.

मी कागद उलटून पाहिला. पैसे कुठे गुंतवणार, कोण जबाबदार, मुद्दल बुडालं तर कोणाकडे जायचं, काहीच लिहिलेलं नव्हतं. तिने त्याची घडी करून पिशवीत ठेवली आणि स्वतःची गटाची वही पुढे ओढली. गेल्या महिन्यात तिने शिलाई यंत्रासाठी पाच हजार घेतले होते. पहिला हप्ता सहाशेचा. पट्टी नव्हती, म्हणून वहीच्या पानावर तिने काडेपेटीच्या कडेने उभी रेघ मारली. डावीकडे मुद्दल, पाचशे. उजवीकडे व्याज, शंभर.