तळटीप : कार्बन कापडाची कर्तन-चाचणी

* मूळ लेखात ‘चौकट-चाचणी’ आणि ‘तिरकस ताण-चाचणी’ एकच असल्यासारखे वाटते. त्या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. राळ भरण्याआधी कार्बनचे विणलेले कापड गोलाईच्या साच्यावर बसवतात, तेव्हा धागे जवळजवळ लांबत नाहीत. उभे-आडवे धागे एकमेकांवर फिरतात आणि त्यांच्यातला काटकोन मिटत जातो. रुमाल समोरासमोरचे कोपरे धरून ओढल्यावर होते तसे. हेच कर्तन. सुरुवातीला बल अगदी थोडे लागते. पुढे लगतचे धागे एकमेकांना चेपू लागले की ते झपाट्याने चढते आणि कापडाला चुण्या पडू लागतात.

चौकट-चाचणीत कापड बिजागरीच्या चौरस चौकटीत आवळून ती कलती करतात. धागे बाजूंना समांतर नसले, अगदी किंचित वाकडे बसले, तरी त्यांच्यात ताण येतो आणि मोजलेले बल फसवे ठरते. तिरकस चाचणीत धागे ४५ अंशांवर राहतील अशी पट्टी कापून ओढतात. लांबी रुंदीच्या किमान दुप्पट असेल तरच मधल्या भागात निखळ कर्तन मिळते.

मॅक आणि टेलर यांचे १९५६चे जाळीचे प्रतिमान कापड साच्यावर कसे बसेल याची केवळ भूमिती सांगते. चुण्यांचा अंदाज बांधायला चाचणीतला बल-कोन आलेख हवाच. त्यातला कोन यंत्राच्या सरकण्यावरून काढलेला असेल तर वाचकांनी सावध राहावे. काळ्या कापडावर पांढऱ्या रेघा आखून छायाचित्रांवरून मोजलेला कोन अधिक भरवशाचा.
— संपादक