शिकाऱ्याची तार आणि बिबट्याचे ठिपके

कॅमेरा ट्रॅप आज संशोधनाचं साधन म्हणून ओळखला जातो, पण त्याचं कूळ शिकारीचं आहे. उत्तर अमेरिकेतले ओजिब्वे लोक रात्री होडीच्या नाळेवर जाळ पेटवून तळ्याच्या काठाकाठाने फिरत. उजेडाकडे टक लावून थबकलेलं हरीण आयतंच टप्प्यात येई. पेनसिल्व्हेनियाचे वकील आणि पुढे अमेरिकी काँग्रेसचे सदस्य झालेले जॉर्ज शिरास (तिसरे) मिशिगनमध्ये हीच रीत शिकले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी होडी आणि उजेड तसाच ठेवला, बंदूक मात्र खाली ठेवून कॅमेरा उचलला. मग माणसाचीही गरज उरली नाही. जनावराच्या वाटेवर तार ताणायची. तिला धक्का लागला की फ्लॅशची पूड भडकायची आणि फोटो निघायचा. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने जुलै १९०६च्या अंकात त्यांची ७४ छायाचित्रं छापली.

भारतात ही तार गाजवली ती संयुक्त प्रांतातले वनाधिकारी फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन यांनी. शिवालिकच्या जंगलात त्यांनी टिपलेले वाघ-बिबटे १९२७च्या त्यांच्या पुस्तकातून जगाने पाहिले. पण चॅम्पियन यांचं मोठेपण मला त्या फोटोंच्या देखणेपणात दिसत नाही. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि त्यावरून तो नेमका ओळखता येतो, हे त्यांनी हेरलं. कॅमेरा ट्रॅपचा खरा जन्म मी इथे मानतो. यंत्र त्याआधीही होतं, पण त्यातून निघणारा फोटो हा पुरावा आहे हे कोणी ओळखलं नव्हतं. दुर्दैव असं, की ही ओळख पुढे कित्येक वर्षं पडून राहिली. १९७२च्या पहिल्या देशव्यापी व्याघ्रगणनेपासून सरकारी भिस्त होती ती पंजाच्या ठशांवर. एकाच वाघाचा ठसा मऊ मातीत वेगळा, कोरड्या धुळीत वेगळा उमटतो आणि तो कोणाचा हे शेवटी पाहणाऱ्याच्या नजरेवर ठरतं. याची किंमत राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्रप्रकल्पाने मोजली. तिथले सगळे वाघ शिकाऱ्यांनी संपवले होते आणि कागदावर ते जिवंत होते. २००५मध्ये हे उघड झालं तेव्हा वाचवायला काही उरलं नव्हतं.

तोवर कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी वेगळी वाट पाडली होती. मासे पकडून, खूण करून पुन्हा पाण्यात सोडायचे आणि पुढच्या खेपेला खुणेचे किती सापडतात यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधायचा, ही जुनी रीत. वाघाला पकडायची गरजच नाही. खूण तो जन्मतः अंगावर घेऊन आलेला असतो. हे गणित कारंथ यांनी १९९५मध्ये मांडलं. म्हणूनच गाडीवाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर कॅमेऱ्यांची जोडी बांधतात. बिबट्याची खूण म्हणजे त्याचे ठिपके, आणि त्याच्या डाव्या कुशीवरचे ठिपक्यांचे पुंजके उजव्या कुशीसारखे नसतात. एकाच बाजूचा फोटो असला, तर एका बिबट्याचे दोन मोजले जाण्याचा धोका राहतो. आता तारेऐवजी अंगाची ऊब आणि हालचाल टिपणारा सेन्सर असतो, एवढाच फरक.

मोजल्याने जनावर वाचतं का, असा आक्षेप घेतला जातो. नुसत्या मोजणीने वाचत नाही, हे खरंच. पण ‘ट्रॅफिक’ या संस्थेने २०१२मध्ये दाखवून दिलं की २००१ ते २०१० या काळात भारतात आठवड्याला किमान चार बिबट्यांचे अवयव चोरट्या बाजारात जात होते. म्हणजे वर्षाला दोनशेच्या वर. मूळ संख्याच माहीत नसेल, तर हा घाव किती खोल आहे हे कशावरून ठरवायचं? शिवाय जप्त केलेलं कातडं फोटोंशी ताडून पाहता येतं. जनावराचा आधी फोटो निघालेला असेल, तर ते कुठल्या जंगलातलं हे कळू शकतं. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: हा कॅमेरा माणसांनाही टिपतो. कॉर्बेट व्याघ्रप्रकल्पात गवत-सरपणाला जाणाऱ्या बायका कॅमेऱ्याच्या धाकाने दबकून वागतात, जनावर दूर राहावं म्हणून गायची गाणीही हळू आवाजात गातात, असं २०२४च्या एका अभ्यासात आढळलं. त्यामुळे जनावर अचानक समोर येण्याची भीती वाढते. हा दोष यंत्राचा नाही, ते न विचारता बांधणाऱ्यांचा आहे. माणसांचे फोटो लगेच पुसण्याचा नियम कडकपणे पाळलाच पाहिजे.

२०२२च्या अंदाजानुसार देशात १३,८७४ बिबटे आहेत, त्यांपैकी १,९८५ महाराष्ट्रात. पण ही पाहणी मुख्यतः वाघांच्या जंगलांत झाली. उसातला बिबट्या तिच्यात जवळपास नाहीच. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतशिवारात कॅमेरे लावले, तेव्हा १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले. तेही चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं राहतात अशा मुलखात! या बिबट्यांना कठडा नसलेल्या विहिरी आणि रात्रीचे रस्तेही मारतात. जुन्नर आणि नाशिकच्या ऊसपट्ट्यातही दोन्ही कुशींचे फोटो घेऊन, गावकऱ्यांना आधी विचारून, अशी मोजणी नियमित व्हायला हवी. तसं झालं तर कुठली विहीर आधी बांधून घ्यायची आणि कुठल्या रस्त्यावर वेग आवरायचा, हे वनखात्याला आणि ग्रामपंचायतीला पुराव्यानिशी ठरवता येईल.