सहा वेळा हरलेला धर्मोपदेशक

सरकारी नोकराला निवडणुकीस उभे राहण्याची मुभा नसते; मतदान संपल्यावर यंत्रे मोहोरबंद करण्याचे कर्तव्य तेवढे त्याच्या वाट्याला येते. ते मी अनेकदा बजावले आहे. त्या वेळी जिंकणाऱ्यापेक्षा अनामत रक्कम गमावणाऱ्या उमेदवाराविषयी मला अधिक कुतूहल वाटत आले. अशा उमेदवारांत मला सर्वांत मोठा वाटतो तो अमेरिकेचा नॉर्मन थॉमस.

ओहायो राज्यातील मॅरियन गावी एका प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाच्या घरी १८८४ साली थॉमस यांचा जन्म झाला. प्रिन्स्टन विद्यापीठाची पदवी त्यांनी १९०५ साली अग्रक्रमाने मिळविली, न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत धर्मशास्त्राचे अध्ययन केले आणि १९११ साली दीक्षा घेतली. एखाद्या श्रीमंत वस्तीतील चर्च पत्करून सुखाने आयुष्य घालविणे त्यांना कठीण नव्हते. त्यांनी निवडले ईस्ट हार्लेम. इटली, हंगेरी अशा दूरच्या देशांतून पोटासाठी आलेल्या, भाषेला पारख्या झालेल्या कुटुंबांची ती वस्ती. घर सोडून परमुलखात राहिलेल्या आपणांस त्या वस्तीचे वर्णन फारसे करून सांगावे लागणार नाही.

१९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली. ख्रिस्ताची शिकवण आणि संगीन यांचा मेळ बसत नाही, असे थॉमस यांचे मत झाले होते. त्यांचा भाऊ इव्हान याने सैन्यभरतीस नकार देऊन तुरुंगवास पत्करला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी उभ्या असलेल्या युद्धविरोधी समाजवादी मॉरिस हिलक्विट यांना थॉमस यांनी जाहीर पाठिंबा दिला. देणगीदार बिथरले, वस्तीतील कार्याचा पैसा आटला, आणि १९१८ साली थॉमस यांनी राजीनामा दिला.

पुढे समाजवादी पक्षातर्फे १९२८ ते १९४८ या काळात ते सलग सहा वेळा अध्यक्षपदासाठी उभे राहिले. १९३२ साली, मंदीच्या ऐन कहरात, त्यांना सुमारे ८ लाख ८५ हजार मते पडली. तोच त्यांचा उच्चांक. वृद्धांना निवृत्तिवेतन, बेकारांना विमा या त्यांच्या मागण्यांपैकी पुष्कळशा रूझवेल्ट यांच्या राजवटीने उचलल्या, आणि थॉमस यांची मते ओसरली. १९३६ साली ती दोन लाखांच्याही आत आली. (आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीची एकच निवडणूक हरल्यावर सभासद वर्षभर फिरकत नाहीत!)

त्यांच्या अहिंसेची खरी कसोटी मात्र मतपेटीबाहेर लागली. १९३६ साली स्पेनमध्ये फ्रँकोने बंड केले, तेव्हा लोकसत्ताक सरकारला शस्त्रांनिशी मदत करावी असे थॉमस यांनी म्हटले, आणि जुने शांततावादी सहकारी दुखावले. तरीही स्वतःच्या देशाने दुसऱ्या महायुद्धात पडू नये, यासाठी १९४१ साली ते लिंडबर्ग यांच्यासमवेत एका व्यासपीठावर गेले. येथे त्यांची गल्लत झाली, असे मला वाटते. हिटलरचे स्वरूप त्यांना पुरते ठाऊक होते. मग सोबत कोणाची करावी याचा विचार व्हावयास हवा होता. पर्ल हार्बरनंतर त्यांनी युद्धाला पाठिंबा दिला, पण तोंड मिटून नव्हे.

फेब्रुवारी १९४२ मध्ये अध्यक्षांच्या एका आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना हलविण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे सुमारे १ लाख २० हजार माणसे तारांच्या कुंपणामागे छावण्यांत डांबली गेली. त्यांत दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. उदारमतवादी म्हणविणारे बहुतेक पुढारी गप्प राहिले. थॉमस यांनी सभांतून विरोध केला, पुस्तिका लिहिली. आदेश सरकारी होता, अंमलबजावणी करणारेही माझ्यासारखेच नोकर असणार, हे वाचताना माझ्या मनातून जात नाही. १९४४ साली थॉमस पुन्हा उभे राहिले. मते मिळाली अवघी ७९ हजार.

१९६८ च्या डिसेंबरात ते वारले; त्याआधी व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात, दृष्टी मंदावली असतानाही, ते बोलत राहिले होते. छावण्यांतील हयात लोकांची अमेरिकन सरकारने माफी मागितली आणि प्रत्येकी २० हजार डॉलर भरपाईचा कायदा केला, तो १९८८ साली.